आधी देठ, फूल शेवटी

सुरतेत कुणी तुमच्याकडे साडीच्या काठासाठी वेलीचं डिझाइन मागितलं, तर कागद पुढे ओढून लगेच फूल काढायला बसू नका. फूल बहुतेकांना येतं. कमळ, जास्वंद, शेवंती हातात बसलेली असतात. काठ फसतो तो दोन फुलांच्या मधल्या जागेत. वेल कुठून येते, कुठे वळते, फांदी कुठल्या बाजूला फुटते, कागदाच्या उजव्या कडेला पोचलेला देठ डाव्या कडेच्या देठाला जुळतो का, आणि एवढं सगळं झाल्यावर मागची जमीन सगळीकडे सारखी उरते का, यावर काठाचं बरंवाईट ठरतं. हे सगळं पेन्सिलीच्या पहिल्या कच्च्या रेखाटनात ठरून जातं. रंग, जर, संगणक हे नंतर येतात आणि कच्च्यात राहिलेला दोष त्यांच्याने झाकत नाही. उलट मीटरामागे मीटर उठून दिसतो.

ताप्ती लाइनने खानदेशातून आलेली हजारो मराठी घरं आज उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत आहेत. कुणी लूमवर, कुणी भरतकामाच्या मशिनवर, कुणी मिलमध्ये. या घरांतली चित्रकलेचा हात असलेली मुलंमुली डिझाइनच्या कामाकडे वळू पाहतात, आणि त्यातल्या अनेकांनी गावाकडे असताना इंटरमिजिएटची ग्रेड परीक्षा दिलेली असते. संकल्पचित्राचा तो पेपर उपयोगी पडतो, पण अर्धाच. परीक्षेत दिलेला आकार भरायचा असतो आणि पट्टी कागदाच्या कडेला संपली की संपली. कापडावरची पट्टी संपत नाही. तुम्ही काढलेला वीतभर तुकडा दिवसभर स्वतःच्याच शेजारी उमटत राहणार असतो. त्यामुळे ‘चित्र चांगलं दिसतं का’ याच्या आधी ‘हे चित्र स्वतःच्या शेजारी उभं राहू शकतं का’ हे पाहायचं.

पेन्सिल उचलण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या: हा काठ कशात उतरणार आहे? छापायचा, विणायचा की भरायचा? नवखा माणूस हे विचारायला संकोचतो, आणि मग रात्र घालवून काढलेली नाजूक वेल दुसऱ्या दिवशी परत येते. छपाई रोटरी स्क्रीनवर असेल तर नेहमीच्या स्क्रीनचा घेर 64 सेंटिमीटर असतो, म्हणून तुमच्या रिपीटच्या, म्हणजे परत परत उमटणाऱ्या तुकड्याच्या, लांबीने 64 ला पूर्ण भाग जायला हवा: 32, 16, 12.8, 8. पंधरा सेंटिमीटरची वेल कितीही सुंदर असली तरी त्या नळीवर सांधा तुटणार. डिजिटल प्रिंटिंगला घेराचं बंधन नाही, पण एकच डिझाइन पुढे रोटरीवर जाऊ शकतं, म्हणून सवय 64 च्या भागाकारातली ठेवलेली बरी. विणलेला काठ असेल तर जेकार्डला काठासाठी किती हुक दिले आहेत ते विचारा. तिथे प्रत्येक रेघ शेवटी ग्राफच्या चौकटींत मोजली जाते, आणि जवळजवळ आडवा जाणारा बारीक देठ पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. म्हणून विणकामासाठी वळणं ठसठशीत आणि देठ जाड. भरतकाम असेल तर उलटी काळजी. सात-आठ मिलिमीटरपेक्षा रुंद पान सॅटिन टाक्याने सलग भरलं तर टाके लांब पडतात आणि कशात तरी अडकून ओढले जातात. असं पान मधल्या शिरेवर दोन भागांत तोडायचं. शिवाय भरतकामाचा खर्च टाक्यांवर मोजला जातो. भरीव पानं कमी आणि देठाची लय जास्त असेल तर मालक खूश.

जरीच्या काठाबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण सुरतेची ती जुनी ओळख आहे. खऱ्या जरीत चांदीची तार ओढून बारीक करतात, चपटी करतात आणि रेशमाच्या धाग्यावर गुंडाळतात, त्यावर सोन्याचा मुलामा येतो. नकली जरीत चांदीच्या जागी तांबं येतं, आणि सर्वांत स्वस्त जरीत धातूचा लेप दिलेली प्लास्टिकची पट्टी. चपट्या तारेला इथे बादला म्हणतात आणि धाग्यावर गुंडाळलेल्याला कसब. येवल्याची पैठणी विणणाऱ्यांकडे जाणारी जर याच शहरातून जाते. चित्र काढणाऱ्याने लक्षात ठेवायची गोष्ट अशी की जर चमकते. कागदावर पेन्सिलीने जे काळं दिसतं ते कापडावर उजेडाने पांढरं होणार असतं, आणि चमकणारा आकार आहे त्यापेक्षा मोठा भासतो. म्हणून जरीच्या वेलीत आकारांमध्ये कागदावर थोडी जास्तच वाटेल इतकी मोकळी जागा सोडा.

आता झाड कुठलं घ्यायचं? बाजारातल्या दुसऱ्या साडीचा काठ समोर ठेवून तिसरा काठ काढण्याची पद्धत सगळीकडे आहे, आणि म्हणूनच सगळे काठ एकमेकांच्या चुलतभावासारखे दिसतात. थंडीच्या दिवसांत भाजीबाजारात जा आणि पापडी पाहा. उंधियूत पडणारी सुरती पापडी म्हणजे वालाचीच जात, आणि शहरातल्या कतारगामची पापडी तर प्रसिद्धच. आज कतारगाम म्हटलं की हिऱ्यांचे कारखाने डोळ्यांसमोर येतात, पण ही भाजी अजून त्या नावाने विकली जाते. कुठे कुंपणावर वालाची वेल दिसली तर तिथेच उभं राहून काढा. तीन पर्णिकांचं पान. मधली पर्णिका दोन्ही बाजूंनी सारखी, कडेच्या दोन मात्र एका बाजूला फुगलेल्या. पानाच्या बगलेतून वर उभा राहणारा फुलांचा तुरा. चपटी, कोयत्यासारखी वाकलेली शेंग. काठासाठी याहून चांगली सामग्री कुठे मिळणार? पान भरायला, तुरा उंचीला, शेंग वळणाला. एक खबरदारी: वालाची वेल आधाराला स्वतःच वेटोळे घालत चढते, तिला काकडी-कारल्यासारखे स्प्रिंगदार तणावे नसतात. जागा भरायला तणावे काढायचे असतील तर खुशाल कारलं घ्या, दोडका घ्या. वालाला कारल्याचे तणावे लावू नका. गिऱ्हाइकाला कळणार नाही, पण झाडाचं खरं वळण एकदा हातातून गेलं की चित्र पुन्हा ‘फुलंपानं’ या सर्वसाधारण ढिगात जाऊन पडतं.

कतारगाम दरवाजाजवळच डच लोकांचं जुनं कबरस्तान आहे आणि तिथे हेंड्रिक व्हान र्‍हीडची कबर आहे. मलबारचा हा डच अधिकारी 1691 मध्ये सुरतेकडे येताना जहाजावर वारला. त्याने करवून घेतलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ 1678 पासून ॲमस्टरडॅममध्ये छापला जात होता. एकूण बारा खंड, मलबारातल्या सातशेहून अधिक वनस्पती, आणि पानभर पसरलेली ताम्रपटांवरची चित्रं. त्या कामात मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्य होते, आणि पहिल्या खंडात त्यांचं कोकणीतलं, नागरी लिपीतलं प्रशस्तिपत्र छापलेलं आहे. चित्रांवरही झाडांची नावं रोमन, मल्याळी, अरबी आणि नागरी अशा अक्षरांत आहेत. ही चित्रं आज संगणकावर सहज पाहायला मिळतात. काठ काढणाऱ्याने ती दोन गोष्टींसाठी पाहावीत: पान देठाला नेमकं कुठे आणि कसं चिकटतं, आणि कळी, फूल, फळ एकाच फांदीवर कसं बसवलं आहे. तिथून रेघ उचलायची नाही, शिस्त उचलायची. सुरतेत राहून या माणसाच्या कबरीवरून रोज जाणारे कितीतरी डिझाइनर त्याचं पुस्तक उघडत नाहीत, याचं मला नेहमी नवल वाटतं.

झाडाचे अभ्यास वहीत वेगळे काढा. तो कागद काठाचा नव्हे. वहीत झाड जसं आहे तसं, आणि काठाच्या कागदावर झाडाचा सांगाडा. ही दोन कामं एकाच कागदावर करायला गेलं की दोन्ही बिघडतात.

काठाच्या कागदासाठी सामान थोडंच लागतं. आखणीला 2एच, देठाला एचबी, आणि ठसा उतरवायला 2बी. बटर पेपर भरपूर, मऊ खोडरबर, गुण्या, आणि कंपासपेटीतला तो दोन टोकांचा कर्कटक. त्याचा खरा उपयोग समान अंतरं पुढे पुढे मोजत नेण्याचा आहे, बाकं कोरण्याचा नव्हे.

समजा काठ 10 सेंटिमीटर रुंद आहे आणि रिपीट 16. काठ खऱ्या मापातच काढा. छोटा काढून मोठा केला की देठ जाड होतात आणि मोकळ्या जागा ओस पडतात. वरखाली एकेक सेंटिमीटर कडेच्या पट्टीसाठी सोडा. मधे 8 सेंटिमीटरची वेलीची जागा उरली. तिच्या बरोबर मधोमध एक आडवी रेघ. लांबीचे चार-चार सेंटिमीटरचे चार भाग करा. देठ 0 वर मधल्या रेघेवर आहे, 4 वर वर चढलेला, 8 वर पुन्हा मधल्या रेघेवर, 12 वर खाली, आणि 16 वर परत मधल्या रेघेवर. चढ-उतार मधल्या रेघेपासून साधारण अडीच सेंटिमीटर ठेवा. त्याहून कमी ठेवलं तर वेल सुस्त दिसते. जास्त ठेवलं तर देठ कडेच्या पट्टीला घासतो आणि लाटेच्या वळणातला खोलगट अरुंद होऊन फुलाला बसायला जागा राहत नाही.

ही लाट मनगटाने काढू नका, खांद्यातून हात फिरवून काढा, उभं राहून काढली तर फारच छान. पुसू नका. एकावर एक पाच-सहा फिक्या रेघा जाऊ द्या, त्यातली एक बरोबर असते. तीच नंतर एचबीने गडद करायची. पेन्सिलीचा सगळा फायदा हाच आहे की ती चार उत्तरं एकाच वेळी कागदावर राहू देते. शाई आणि माउस दोन्ही पहिल्याच उत्तराला हो म्हणायला लावतात.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची जागा. देठ जिथे मधली रेघ ओलांडतो, तिथे फांदी फोडायची. मुख्य देठ तिथून नव्या बाजूला वळतो; फांदी मात्र आधीचंच वळण पुढे चालवते, मागे वळते आणि लाटेच्या खोलगटात शिरून गोल गुंडाळत जाते. म्हणजे खाली वळून वर येणारा देठ मधल्या रेघेवर पोचला की तो स्वतः उजवीकडे झुकून पुढच्या चढाला लागेल, आणि फांदी डावीकडे वळून आत्ताच पार केलेल्या खोलगटात उतरेल. फांदी देठाला काटकोनात चिकटवलेली नको. काही अंतर ती देठाला घासून धावते आणि मग सुटते. सांध्यावर एक छोटं पान किंवा कोंबाचं आवरण द्या. झाडालाही तिथे ते असतंच, आणि दोन रेघांची भेट त्याने झाकली जाते. जाडी ठरवून टाका: मुख्य देठ तीन मिलिमीटर, फांदी दोन, पानाचा देठ एक. पुढे कुठेही गोंधळ झाला तर जाडीकडे पाहून कोण कुणाचं मूल आहे ते कळतं.

हे पुस्तकातलं शास्त्र वाटत असेल तर अहमदाबादला लाल दरवाजाजवळ सिदी सैयदच्या मशिदीची जाळी पाहून या. 1572-73 मधलं काम, दगडात कोरलेलं झाड. पेन्सिल घेऊन कुठल्याही टोकाच्या पानापासून मागे मागे जा. ते पान फांदीला, फांदी मोठ्या फांदीला, ती खोडाला पोचते. ओवेन जोन्स नावाच्या इंग्रज माणसाने 1856 मध्ये अलंकरणाचे नियम लिहिले, त्यात सगळ्या रेषा एका मूळ देठातून निघाव्यात असा नियम आहे, आणि तो आपण पूर्वेकडच्या कामावरून शिकल्याचं त्याने तिथेच नोंदवलं आहे. आज संगणकाला सांगून आयती मिळालेली वेल याच कसोटीवर पडते. पानं अफाट सुंदर, पण निम्मी हवेत लटकलेली, एखादा देठ फुलामागे जातो तो बाहेर येतच नाही.

खानदेशात घरी जाण्याचा योग आला तर जळगावहून अजिंठा गाठा आणि तिथे माणसांची चित्रं सोडून छतांकडे आणि दारांच्या चौकटींकडे पाहा. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी 1872 पासून सुमारे तेरा वर्षं ही चित्रं उतरवून घेत होते, आणि त्यांनी छतांवरचे नक्षीचे चौकोनही तितक्याच आस्थेने उतरवले. कमळाचा देठ तिथे मोकळेपणाने भटकतो, कुठे कळी, कुठे उलटं पान, कुठे हंस. तिथलं एकही वळण दुसऱ्यासारखं नाही. आपल्याला मशिनसाठी तेच वळण परत परत लागतं, म्हणून अजिंठ्याचं तंत्र जसंच्या तसं चालत नाही. पण एकाच रिपीटच्या आत तरी दोन खोलगटांत दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात, हे तिथून घेण्यासारखं आहे. एकात उमललेला तुरा, दुसऱ्यात शेंगांचा घोस.

मात्र काम वाचवायचं असेल तर उलटा मार्ग आहे. सोळाऐवजी आठच सेंटिमीटर काढा. ते बटर पेपरवर उतरवा, कागद वरची कड खाली येईल असा पालथा करा आणि आठ सेंटिमीटर पुढे सरकवून तेच परत गिरवा. वर असलेलं फूल खाली आलं, लाट पूर्ण झाली. ओल्या वाळूवरच्या डाव्या-उजव्या पावलांची जी रचना असते तीच ही. गणितज्ञांनी मोजून ठेवलं आहे की पट्टीवर नक्षी पुनःपुन्हा मांडण्याच्या तऱ्हा फक्त सात आहेत. वेलीला ही एक सर्वांत मानवते, कारण हिच्यात वर आणि खाली असा भेद उरत नाही. आणि साडीला नेमकं तेच हवं असतं. एकच काठ पायांशी आडवा दिसतो, छातीवर तिरपा आणि खांद्यावरून उतरताना उभा. कुंडीतलं रोप किंवा हत्ती यांची त्यात पंचाईत होते, कुठे तरी ते आडवे पडतातच. वेल कुठूनही सरळच दिसते. पैठणीच्या काठापदरावर आसावलीची वेल पिढ्यान्‌पिढ्या टिकली, त्यात सौंदर्याइतकाच या सोयीचा वाटा असावा असं मला वाटतं.

देठ आणि फांद्या ठरल्या की फुलांच्या जागी फक्त गोल टाका. चार-साडेचार सेंटिमीटरचा एक गोल प्रत्येक खोलगटात. पानांच्या जागी नुसते बदामाचे आकार. पाकळ्या, शिरा काहीही नको. आता पेन्सिल आडवी धरून जमीन करडी करा. फुलं नव्हे, जमीन. फुलंपानं पांढरी राहतील आणि उरलेल्या जागांचे आकार प्रथमच डोळ्यांसमोर येतील. कागद भिंतीला लावा, लांब जा, डोळे बारीक करा. कुठे करडा डाग मोठा झाला असेल तिथे कापडावर भोक पडल्यासारखं दिसणार. एक रुपयाचं नाणं कागदावर फिरवून पाहा: ज्या जागेत ते कशालाही न टेकता मावतं तिथे पान, कळी किंवा फांदीचं एक वळण कमी आहे. मात्र पान टाकायचं तर त्याचा देठ कुठून येतो ते आधी सांगता आलं पाहिजे. नवखे लोक नेमके इथेच सुटं पान टाकून मोकळे होतात.

पानांचं तोंड कुठे? वेल ज्या दिशेने वाढते आहे तिकडे, निदान बहुतेकांचं. एखादं मागे वळलेलं, एखादं दुमडून पाठ दाखवणारं असावं. सगळी पानं एका दिशेला असली की कवायत दिसते. पण मागे वळलेलं पानसुद्धा देठाला पुढच्याच दिशेने जोडलेलं असतं, वळण त्यानंतर.

सांधा तपासण्याचे दोन उपाय आहेत आणि दोन्ही कराच. पहिला: कागदाची झेरॉक्स काढून ती मधोमध कापा आणि दोन्ही तुकड्यांची अदलाबदल करून चिकटवा. आता कागदाच्या कडा मध्यभागी आल्या आणि सांधा समोर दिसतो. देठ तिथे नुसता एका उंचीवर भेटून भागत नाही, त्याचा कलही तोच हवा. नाहीतर दर सोळा सेंटिमीटरला गुडघा मोडल्यासारखं दिसतं. तिथेच पेन्सिलीने दुरुस्त करा. शक्य असेल तर एखादं पान मुद्दाम या सांध्यावरून पलीकडे जाऊ द्या, म्हणजे रिपीट कुठे संपतो ते डोळ्याला सापडत नाही. दुसरा उपाय: त्याच रिपीटच्या चार प्रती शेजारी शेजारी चिकटवून चौसष्ट सेंटिमीटरची पट्टी करा आणि गुंडाळून टोकं जोडा. ही तुमची रोटरी स्क्रीनच झाली. ती हातात फिरवा. एकटा रिपीट पाहताना न दिसलेली गोष्ट इथे दिसते: एखादं जड फूल प्रत्येक फेऱ्यात डोळ्यांत खुपतं आणि वेल न दिसता ठिपक्यांची रांग दिसायला लागते. तसं झालं तर फूल लहान करा, शेजारचं पान मोठं करा.

साडीच्या काठाला कोपरा नसतो, पदर येऊन तो प्रश्न संपवतो. स्कार्फ, टेबलक्लॉथ, काही ओढण्या यांना मात्र कोपरा आहे, आणि बरेच जण तो शेवटी काढतात. तो पहिल्यांदा काढायचा. 90 सेंटिमीटरच्या चौकोनी स्कार्फला 10 सेंटिमीटरचा काठ असेल तर दोन कोपऱ्यांमधे 70 सेंटिमीटर उरतात. त्यात 16 चा रिपीट चार वेळा बसतो आणि सहा सेंटिमीटर लोंबकळतात. म्हणून इथे रिपीट 14 चा घ्या, पाच वेळा बसेल, किंवा 17.5 चा, चार वेळा. कोपरा सुचत नसेल तर छोटा आरसा पट्टीवर पंचेचाळीस अंशात उभा धरून हळूहळू सरकवत न्या. आरशात कोपरेच कोपरे दिसत जातील आणि एखाद्या जागी देठ आपोआप सुरेख कमान करेल. तिथे खूण करा. फक्त लक्षात असू द्या की आरशाच्या कोपऱ्यात दोन वेली समोरासमोर येतात, म्हणजे प्रत्येक बाजूच्या मध्यावरही त्यांची दिशा बदलावी लागणार, आणि तिथे एखादा तुरा किंवा फळांचा घोस लागणार. वेल चारही बाजूंनी एकाच दिशेने फिरवायची असेल तर आरसा बाजूला ठेवा आणि कोपऱ्यात एक मोठं वेटोळं हाताने काढा.

कडेची पट्टी साधी ठेवा. तिथेही फुलं घातली की वेल घुसमटते. सुरतेच्या सादेली कामाकडे पाहा: वेगवेगळ्या रंगांच्या लाकूड, हाड, धातू यांच्या बारीक काड्या जुळवून गठ्ठा करायचा आणि तो आडवा कापत जायचा, प्रत्येक कापात तीच भौमितिक नक्षी निघते. त्रिकोण-षट्कोनांची तसली एक ओळ, वेलीच्या एका रिपीटमध्ये पूर्ण संख्येने बसणारी, एवढं पुरे.

आता कुठे पाकळ्या काढा. नवा बटर पेपर वर ठेवा आणि करड्या गोंधळातून एकच स्वच्छ रेघ वर उचला. भरतकामाच्या कारागिराकडे हा कागद हाताने जाणार असेल तर तो याच रेघांवर सुईने टोचून खाका करेल आणि घासलेटात कालवलेली पूड किंवा नीळ फिरवून कापडावर ठिपके उतरवेल. म्हणून दोन रेघा एकमेकींच्या इतक्या जवळ नकोत की टोचलेली भोकं एक होतील आणि कागद फाटेल. स्कॅन होणार असेल तर कागदाला घडी घालू नका, गुंडाळून न्या. घडीची रेघ देठांबरोबर स्कॅन होते आणि मग ती पुसत बसावं लागतं.

कागदाच्या समासात काठाची रुंदी, रिपीटची लांबी, छपाई की विणकाम की भरतकाम, रंग किती, आणि वेल कुठल्या दिशेने वाढते त्याचा बाण, एवढं लिहा. बाण विसरला जातो आणि मग दुसऱ्या काठाला वेल उलटी धावते.

तारीख आणि सहीही टाका, आणि कच्चे कागद फेकू नका. स्वतंत्रपणे काढलेल्या चित्रावर सहसा तुमचा कॉपीराइट असतो. पण कायद्यात एक अट आहे. डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी गोष्ट नोंदवली नाही आणि ती कारखान्यात 50 हून अधिक वेळा उमटली, तर तो कॉपीराइट संपतो. साडीच्या काठाला 50 चा आकडा गाठायला किती वेळ लागतो ते सांगायला नको. नोंदणी डिझाइन्स ॲक्ट, 2000 खाली होते, संरक्षण दहा वर्षांचं आणि पुढे पाच वर्षं वाढवता येणारं, आणि अर्ज माल बाजारात येण्याआधी करावा लागतो. दर काठासाठी हा खटाटोप कुणी करणार नाही. पण जो काठ चालेल असं वाटतं, त्याबद्दल मालकाशी आधी बोलून घ्या: नोंदणी कोण करणार, कुणाच्या नावावर, आणि दुसऱ्या मालावर तोच काठ गेला तर पैसे वेगळे का. हे बोलणं चहाच्या वेळी, कागद हातातून देण्यापूर्वी व्हावं. कागद एकदा रिंग रोडवरच्या कापडबाजारात पोचला की त्याचे फोटो तुमच्या आधी घरी पोचलेले असतात.